129 भुंगेरे आणि संत्र्याच्या बागा : जैविक कीड नियंत्रणाचा एक धडा

फळबागेतील कीड म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पाठीवरचा फवारणी पंप उभा राहतो. पण संत्र्याचा एक अख्खा व्यवसाय बुडण्यापासून वाचला तो पंपामुळे नव्हे, तर जहाजातून बर्फाच्या कोठीत आलेल्या काही किड्यांमुळे. हा इतिहास नीट समजून घेतला, तर आजच्या फवारणीच्या प्रश्नाकडे कसे पाहावे हेही कळते.

संकट कसे आले?

1868 च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे एक नवी खवले कीड आढळली. शास्त्रीय नाव आयसेरिया परचेसी. तिच्या मादीला पांढऱ्या कापसासारखी पिशवी असते आणि त्या पिशवीत शेकडो अंडी असतात. ही कीड झाडाचा रस शोषते; तिच्या चिकट, गोड स्रावावर काळी बुरशी वाढते आणि झाड हळूहळू वाळते. 1880 च्या दशकात ती लॉस एंजेलिस परिसरातील संत्र्या-लिंबांच्या बागांत पसरली. हताश बागायतदार आपल्याच हाताने झाडे तोडून जाळू लागले.

उपाय झाले नाहीत असे नाही. डी. डब्ल्यू. कॉकिलेट यांनी 1886 मध्ये झाडावर तंबू टाकून आत हायड्रोसायनिक वायूची धुरी देण्याचे तंत्र वापरले. पण हा वायू माणसालाही मारक, काम खर्चाचे, आणि शेजारच्या बागेतून कीड पुन्हा येतच असे.

प्रश्न बदलला

अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांनी वेगळा विचार केला. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियाची. मग तिथल्या बागा का नष्ट होत नाहीत? तिथे तिला खाणारे कोणीतरी असले पाहिजे. अडचण अशी, की खात्याच्या कीटकशास्त्रज्ञांच्या परदेश प्रवासखर्चावर संसदेने बंदी घातली होती. तेव्हा मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठीच्या निधीतून वाट काढून अल्बर्ट कोबेले यांना ऑगस्ट 1888 मध्ये रवाना करण्यात आले.

ॲडलेड शहरात कोबेले यांना एक छोटा लाल-काळा भुंगेरा ही कीड खाताना दिसला. त्याला व्हेडालिया म्हणतात; आपल्याकडच्या ढालकिड्यांच्या कुळातलाच तो. पहिल्या तीन खेपांत मिळून 129 भुंगेरे लॉस एंजेलिसला पोहोचले. कॉकिलेट यांनी ते वुल्फस्किल यांच्या बागेत, तंबूने झाकलेल्या एका कीडग्रस्त संत्र्याच्या झाडावर सोडले. एप्रिल 1889 मध्ये तंबूची एक बाजू उघडण्यात आली. जूनपर्यंत 10,555 भुंगेरे 228 बागायतदारांना वाटून झाले होते. वर्षभरात लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणारी संत्री 700 रेल्वेडब्यांवरून 2000 डब्यांवर गेली, असे तेव्हाच्या नोंदी सांगतात.

हे का चालले?

मी अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून नियंत्रण प्रणालीच्या भाषेत सांगतो. फ्रिजमधला थर्मोस्टॅट तापमान पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. व्हेडालियाचेही तसेच आहे. कीड वाढली की खाणे वाढते, खाणे वाढले की भुंगेरे वाढतात. कीड घटली की भुंगेरेही घटतात. दोन्ही थोड्या संख्येने बागेत राहतात, पण झाड जगते. म्हणजे कीड शून्यावर आणणे हे उद्दिष्टच नाही. ती नुकसानीच्या पातळीखाली ठेवणे हे उद्दिष्ट आहे. ठरलेल्या तारखेला केलेली फवारणी मात्र बागेत काय चालले आहे हे पाहतच नाही.

या फरकाची किंमत पुढे मोजावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या बागांत इतर किडींसाठी डीडीटी वापरले जाऊ लागले. त्याने व्हेडालिया मेले, आणि जवळजवळ विस्मरणात गेलेली खवले कीड पुन्हा उफाळली. फवारणीत बदल करून भुंगेरे परत आणल्यावरच ती आटोक्यात आली. 1959 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन यांनी एकात्मिक नियंत्रणाची संकल्पना मांडली : आधी मोजा, आर्थिक नुकसानीची पातळी ठरवा, आणि रसायन वापरायचेच तर मित्रकीटक वाचतील असे वापरा.

भारतातील अनुभव

हीच खवले कीड निलगिरीतही पोहोचली आणि 1930 च्या सुमारास तिच्यामागोमाग व्हेडालियाही आणण्यात आला. अलीकडचे उदाहरण पपईचे आहे. 2008 मध्ये कोइमतूर येथे पपईवरील नवा पिठ्या ढेकूण आढळला. पुढे तो कर्नाटक, महाराष्ट्रातही दिसला. तुतीवरही पसरल्याने रेशीम उत्पादक अडचणीत आले. त्याच्या मेणचट आवरणामुळे फवारणी नीट लागू पडत नव्हती. 2010 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्युर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणली, आणि ती सोडल्यावर कीड झपाट्याने ओसरली.

मात्र परदेशातून कोणताही जीव आणून सोडावा, असा याचा अर्थ नाही. 1935 मध्ये उसावरील भुंगेऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियात आणलेला केन टोड हा बेडूक वाटेल ते खातो. त्याने किडीचा बंदोबस्त केला नाहीच, उलट तो स्वतःच उपद्रव ठरला. म्हणून आणायचा जीव नेमके काय खातो, याची चाचणी विलगीकरणात आधी घ्यावी लागते.

विचारासाठी

तुमच्या परिसरातील आंबा, डाळिंब, सफरचंद किंवा संत्र्याच्या बागेत जा. एका फांदीवरील कीड मोजा आणि तिला खाणारे जीवही मोजा. मग ठरवा : आज फवारणी केली तर नेमके कोण मरेल, आणि दोन महिन्यांनी त्याचे काम कोण करेल?