फोडलेली शाही भांडी

आता ही निळी नक्षी बघा. ती झिलईच्या वर नाही, खाली आहे. कच्च्या भांड्यावर कोबाल्टनं चित्र काढायचं, वरून झिलई द्यायची आणि साधारण १३०० अंशांना भाजायचं. चूक पुसायची सोय नाही! तांब्याचा लाल रंग तर त्याहून लहरी; भट्टीतली हवा बिघडली, की करडा पडायचा.

चीनमधल्या जिंगदेझेनच्या शाही भट्टीत, मिंग काळाच्या सुरुवातीला, नापास भांडी फोडून तिथंच पुरत. राजाची वस्तू बाहेर कुणाच्या हाती पडू नये ना! १९८० च्या दशकापासून तिथल्या झूशान भागात असे ढीग सापडत गेले. तुकड्यांवर श्वान्द सम्राटाचं (१४२६–३५) कारकीर्द-चिन्ह आहे, कुंभाराचं नाव नाही. त्यांतून चक्क रातकिडे पाळायच्या बरण्याही जुळवल्या गेल्या. सम्राटाला त्यांच्या झुंजींचा भारी नाद होता.