स्क्रू, रबर आणि नवरस

अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या त्या पाश्चात्त्य संगीत समजून घ्यायला. आपल्या संगीतावर त्याचा पगडा बसत चालल्याची त्यांना काळजी होती. तिथे त्यांची गाठ जॉन केज या प्रयोगशील संगीतकाराशी पडली. शिकवणीच्या फीचा विषय निघाला तेव्हा केजने पैसे नको म्हटलं. त्याऐवजी तुम्ही मला भारतीय संगीत शिकवा, एवढंच मागितलं.

ही देवाणघेवाण त्याला फार वेळेवर लाभली. पत्नीशी काडीमोड झाला होता. त्याआधी ‘द पेरिलस नाइट’मध्ये त्याने मनातलं सगळं दुःख ओतलं होतं, तर एका समीक्षकाला ते ऐकताना चर्चच्या घंटाघरात सुतारपक्षी टकटक करतोय असं वाटलं. आपण रडून लिहावं आणि ऐकणाऱ्याला हसू यावं, तर संगीत लिहायचं कशासाठी? साराभाईंनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन निवावं, आणि त्यात दैवी प्रभावाला जागा व्हावी, यासाठी.

त्याच सुमारास केज कलाअभ्यासक आनंद कुमारस्वामींची पुस्तकं वाचत होता. त्यातून त्याला नवरस भेटले. १९४६ ते १९४८ मध्ये त्याने पियानोसाठी सोळा सोनाटा आणि चार इंटरल्यूड लिहिले, ते या नऊ भावांवर. वीर, शृंगार, हास्य, अद्भुत हे शुभ्र. भय, क्रोध, जुगुप्सा, शोक हे काळे. आणि सगळ्यांची ओढ मधल्या शांताकडे.

भरतमुनींचा हिशेब मात्र इतका सोपा नाही. नाट्यशास्त्रात शृंगाराचा रंग श्याम आहे, हास्याचा पांढरा, रौद्राचा लाल, बीभत्साचा निळा. तिथे रस आठच. शांत नंतर आला. काळ्या-पांढऱ्याची ही वाटणी भरताची नव्हे. पण शांताला मध्यभागी बसवण्यात केज चुकला नाही. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी शांत आणि अद्भुत यांची गाठ ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे परकं वाटू नये.

पियानोही नेहमीचा नव्हता. १९४० मध्ये सिएटलला सिविला फोर्ट या नर्तिकेच्या नाचासाठी संगीत हवं होतं आणि रंगमंचावर तालवाद्यांचा ताफा मावेना. केजने पियानोच्या तारांवर वस्तू ठेवून पाहिल्या. खिळे घसरायचे, आटे असलेला स्क्रू मात्र तारांमध्ये घट्ट बसला. सोनाटांसाठी ४५ स्वरांच्या तारांत बोल्ट, नट, रबर, प्लॅस्टिक अडकवायचं; कुठली वस्तू किती इंचांवर, याचा तक्ताच स्वरलिपीबरोबर छापलेला आहे. या मांडणीला दोन-तीन तास सहज जातात. मग एक पट्टी दाबली की घुमारा येतो, शेजारची दाबली की घंटेचा नाद. साराभाई स्वतः पखवाज वाजवत. डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावून आवाज खाली आणणाऱ्या पखवाजियाला केजची ही खटपट सांगावी लागली नसती.

कुठला सोनाटा कोणत्या रसाचा, हे केजने सांगितलं नाही. ते बरंच झालं. रागावलेला सोनाटा अशी पाटी लावली असती, तर कान राग शोधत बसले असते.

नर्तक मर्स कनिंगहॅमने १९५१च्या ‘सिक्स्टीन डान्सेस’मध्ये तीच नऊची माळ उघडपणे ओवली, संगीत केजचंच. क्रोधामागून हास्य, शोकामागून वीर, जुगुप्सेमागून अद्भुत, भयामागून शृंगार, शेवटी शांत. काळ्यानंतर पांढरा, एवढं ठरलेलं. पण नेमक्या कोणत्या काळ्यामागून कोणता पांढरा यावा, याला कारण सापडेना. तेव्हा कनिंगहॅमने नाणं उडवलं. त्याच वर्षी केजही ‘म्युझिक ऑफ चेंजेस’चे स्वर नाणी उडवून ठरवू लागला.