शिरेवाटे पोषणातील सूक्ष्म खनिजे

आतडे निकामी झाल्याने तोंडाने वा नळीने अन्न देता येत नाही, अशा रुग्णाला ग्लुकोज, ॲमिनो आम्ले, स्निग्ध पायस, क्षार व जीवनसत्त्वे थेट शिरेतून देतात. त्यात रोज मिसळावी लागणारी जस्त, तांबे, सेलेनियम, मँगनीज ही खनिजे म्हणजे प्रस्तुत नोंदीचा विषय. रुग्णालयात या पोषणाला सर्रास टीपीएन म्हणतात.

1960च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक यांनी बीगल कुत्र्यांची पिल्ले केवळ शिरेवाटे वाढवून दाखवली आणि ही पद्धत रुजली. सुरुवातीच्या प्रथिन-द्रावणांत अशुद्धी म्हणून थोडेफार जस्त-तांबे आपोआप येई. पुढे शुद्ध ॲमिनो आम्ले आली आणि उणिवा उघड्या पडल्या. 1970च्या दशकाच्या मध्यास ऑकलंडच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांत तोंडाभोवती पुरळ, जुलाब, केसगळती व मनोविकार पाहिले. जस्त देताच ते हटले. 1977 मध्ये टोरोंटोचे खुर्शीद जीजीभॉय यांनी साडेतीन वर्षे टीपीएनवर असलेल्या स्त्रीची हकिकत मांडली. तिचे वजन घटले होते, नसांचा विकार जडला होता आणि शरीराला साखर नीट पेलत नव्हती. रोज 250 मायक्रोग्रॅम क्रोमियम सुरू केल्यावर ती सुधारली. गंमत अशी, की क्रोमियम खरोखर अत्यावश्यक आहे का, याबद्दलच आता शंका घेतली जाते. 2020 मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या चार खनिजांच्या मिश्रणात ते नाही. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये जस्त 3 मिग्रॅ., तांबे 0.3 मिग्रॅ., मँगनीज 55 व सेलेनियम 60 मायक्रोग्रॅम असते.

मात्रा काटेकोर का, हे मँगनीजवरून कळते. अन्नातल्या मँगनीजपैकी जेमतेम काही टक्के आतडे आत घेते. शिरेतून दिलेले मात्र सगळेच रक्तात उतरते. ते बाहेर पडते पित्तातून. पित्तप्रवाह अडला की ते मेंदूच्या खोल भागात साचते, एमआरआयमध्ये तिथे पांढरे डाग दिसतात आणि पार्किन्सनसारखी लक्षणेही उद्भवू शकतात. त्यातून द्रावणांत ते भेसळीसारखे आधीच असते, म्हणून यकृताच्या रुग्णात ते वगळणेच शहाणपणाचे. तांबेही पित्तावाटेच जाते, पण ते सरसकट बंद केल्यास रक्तक्षय होतो व पांढऱ्या पेशी घटतात. पातळी तपासून कमी करणे बरे.

जस्ताचे गणित उलटे. लहान आतड्याच्या फिस्टुलातून (आतड्याला पडलेल्या विकृत वाटेतून) वाहून जाणाऱ्या दर लिटरमागे सुमारे 12 मिग्रॅ. जस्त जाते, तेव्हा नेहमीची मात्रा अपुरी पडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दर किलो वजनामागे रोज 400 मायक्रोग्रॅम लागते, कारण जस्ताचा साठा गर्भात शेवटच्या तिमाहीत भरतो. 2012च्या अखेरीस अमेरिकेत जस्ताच्या इंजेक्शनांचा तुटवडा पडला, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये पित्त साचलेल्या अशा बाळांना तोंडाभोवती व लंगोटाच्या जागी लालभडक पुरळ उठले. लोह सहसा या मिश्रणात घालत नाहीत, कारण त्याने स्निग्ध पायस फाटते. लागल्यास ते वेगळे देतात.