फादर स्टीफन्स यांचे पुराण

मंडळी, आपल्या पनवेलहून दक्षिणेचा हमरस्ता धरला की माणूस गोव्यास पोचतो. या वाटेवरच्या गावांतून चातुर्मासात पुराण लागे. पुराणिकबुवा सांगत, लोक ऐकत. आता पाहा, ज्याचा धर्म बदलला त्याने सणाच्या दिवशी ऐकायचे तरी काय?

सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यातील नवख्रिस्ती लोकांपुढे हाच प्रश्न होता. जुनी पुराणे बंद झालेली, कान मात्र ओवीला सरावलेले! १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही अडचण ओळखली. त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचली. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. रविवारी नि सणावारी चर्चमध्ये त्याचे वाचन होई.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारचा हुकूम निघाला : तीन वर्षांत आपली बोली सोडा, पोर्तुगीज शिका. जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही ज्ञात नाही. मग पुराण तगले कसे? लोकांनी हातांनी नकला करून ते राखले. त्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले. १९५६ मध्ये देवनागरीत आले.

शिक्षकबंधूंनो, ज्ञानेश्वर-एकनाथ शिकवताना मुलांना हेही अवश्य सांगा. हुकुमाने भाषा सुटत नाही. आणि धर्म बदलला तरी माणसाला देव आपल्याच बोलीत भेटावासा वाटतो.