अर्धा पाइंट आम्ल आणि माझं कपाट

चार वर्षांपूर्वी जुन्या मासिकांच्या कपाटाला मी विद्युतचुंबकी कुलूप बसवलं. बारा व्होल्टचं, साठ किलोचा ओढा सोसणारं. जवळ प्लग नव्हता, म्हणून आठ पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले. रात्री दार हलेना, मी खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो तर दार सताड उघडं आणि वरचे दोन अंक पावसानं भिजलेले. हिशेब मग केला: कुलूप १०० मिलिअँपिअर खातं, सेलमध्ये जेमतेम २००० मिलिअँपिअर-तास. वीस तासांत खेळ खलास.

या फजितीनं मला जोसेफ हेन्रीकडे नेलं. त्याआधी, १८२५ मध्ये, इंग्लंडच्या विल्यम स्टर्जननं पहिला विद्युतचुंबक दाखवला होता. हा जोडे शिवायला शिकलेला, तोफखान्यात शिपाईगिरी केलेला, स्वतःच शिकलेला माणूस (मला तो उगाच जवळचा वाटत नाही). त्याची तार उघडी, त्यामुळे वेढे दूरदूर घ्यावे लागले, मोजून अठरा. अमेरिकेतल्या ऑल्बनीत शिकवणाऱ्या हेन्रीनं तारेलाच रेशीम गुंडाळलं आणि वेढ्यांवर वेढे चढवले. नऊ वेगळी वेटोळी, सगळी एकाच घटाला समांतर जोडलेली. घटात आम्ल अर्धा पाइंट, म्हणजे साधारण पाव लिटर. साडेनऊ किलोच्या लोखंडानं २९५ किलो उचलले! एक इंच चौरस पत्र्यांचा चिमुकला घट लावला, तरी ३८ किलो. हे सारं १८३१ मध्ये छापून आलं.

छोट्या घटाकडून मोठं बळ मिळतं, एवढंच वाचून आपण हुरळतो. मीही हुरळलो होतो. पण वजन नुसतं धरून ठेवलं तरी प्रवाह वाहतच राहतो, घटातलं जस्त विरघळतच राहतं. हेन्रीनं बळाचा प्रश्न सोडवला, वेळेचा नव्हे.

गंमत अशी की वेळेचं उत्तरही त्याच्याच खोलीत होतं. त्याच सुमारास त्यानं मैलभर तार फिरवून टोकाला घंटा लावली होती. प्रवाह क्षणभर, चुंबकाचा झटका, टण्ण.

माझ्या कपाटाला आता स्प्रिंगचा खटका आहे. दार तो धरतो, वीज नाही. बटण दाबलं की वेटोळं क्षणभर खटका मागे ओढतं. पेन्सिल सेल तेच आठ. गेल्या दिवाळीत घातलेले अजून चालताहेत. भिजलेल्या दोन अंकांपैकी एकाची पानं मात्र कायमची चिकटली.