राजाज्ञेत न सापडणारी राजधानी

'सातवाहनांची राजधानी पैठण' हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेले असते. सातवाहनांचे कोरीव लेख वाचायला लागलो तेव्हा मी त्या वाक्याला एक साधा प्रश्न लावून पाहिला. राजाची आज्ञा कुठून सुटते? राजधानीचे नाव आणखी कुठे नसले तरी राजाज्ञेत असायला हवे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात, अशा आज्ञा भिंतीवर कोरलेल्या आहेत. पहिली गौतमीपुत्र सातकर्णीची, त्याच्या १८ व्या राज्यवर्षातली. गोवर्धन, म्हणजे नाशिकचा परिसर, तिथल्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला ती धाडलेली आहे. पश्चिम काखडी गावातले, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे, असा तिचा मजकूर. ती निघाली आहे वेजयंती सेनेच्या विजयी छावणीतून, आणि राजा स्वतःला 'बेनाकटकस्वामी' म्हणवतो. २४ व्या वर्षी राजा आणि राजमाता यांची दुसरी आज्ञा श्यामक या अमात्याला येते. काखडीचे शेत कुणी कसत नाही, गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या सरकारी शेतातून १०० निवर्तने द्यावीत. त्यानंतर वासिष्ठीपुत्र पुळुमावीची, २२ व्या वर्षातली आज्ञा. तिच्यात सुदर्शन गावाऐवजी सामलिपद गाव दिले आहे आणि राजा 'नवनरस्वामी' आहे. तिन्ही आज्ञांत शेत कोणते, किती, कुणाला, याचा काटेकोर तपशील आहे. प्रतिष्ठानचे नाव मात्र एकीतही नाही.

यावर कुणी म्हणेल, हा क्षत्रपांशी झुंजण्याचा काळ, राजा छावणीत असणारच. आक्षेप रास्त आहे. पण त्यातूनच त्या राज्याची रीत कळते. कारभार करणारा अमात्य गोवर्धनात बसलेला, हुकूम करणारा राजा फिरता. जिथे राजाचा तळ, तिथून आज्ञा. अशा राज्याला एकाच गावातल्या दरबारावाचून अडत नसे.

मग पैठणला राजधानी म्हणते कोण? ठळकपणे म्हणतो तो अलेक्झांड्रियाचा टॉलेमी. इ.स. १५० च्या सुमारास लिहिलेल्या भूगोलात त्याने 'बैठण' ही सिरी पुळुमावीची आणि 'ओझेने', म्हणजे उज्जैन, ही चष्टनाची राजनगरी म्हणून नोंदवली. त्याच्याआधी, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'च्या अनाम लेखकाने पैठणचा उल्लेख केला तो बाजारपेठ म्हणून. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांची वाट, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड, गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलुखातून भडोचला जाई. त्याच्या या नोंदीत पैठणचा राजा नाही. माल आहे आणि अंतर आहे.

आपल्याकडच्या लेखांत प्रतिष्ठान शोधत मी पितळखोऱ्याशी येऊन थांबलो. सातमाळ्याच्या डोंगरातल्या या लेण्यांत, चैत्यगृहाच्या खांबांवर, इसवी सनापूर्वीच्या अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. एका खांबाचे दान प्रतिष्ठानच्या मितदेव गांधिकाच्या कुळाचे, दुसऱ्याचे प्रतिष्ठानच्याच संघकाच्या मुलांचे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आपल्याकडचे 'गांधी' आडनाव याच शब्दातून आले. राजाने आज्ञेत न घातलेले गावाचे नाव या अत्तरवाल्याने आपल्या नावाच्याही आधी कोरून घेतले आहे.

याचे कारण मला असे दिसते. राजाची ओळख त्याच्या सैन्याने आणि आईच्या गोत्राने पटत होती. परमुलखात गेलेल्या व्यापाऱ्याची ओळख मात्र त्याच्या गावाने पटे. 'पैठणचा' म्हटले की माल आणि शब्द दोन्हींना किंमत येई. टॉलेमीपर्यंत हे नाव पोहोचले तेही बहुधा अशाच वाटांनी.

तिसऱ्या शतकात सातवाहनांचे राज्य मोडले. बेनाकटक नेमके कुठे यावर आजही वाद आहेत. नवनर कुणी जुन्नरशी जोडतात, पण एकमत नाही. राजांनी स्वतःच्या नावाला जोडलेली ही दोन्ही ठिकाणे नकाशावरून निसटली. गोदाकाठचे पैठण राहिले. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी तिथे आले, सोळाव्यात एकनाथ तिथेच वाढले, आणि पैठणी अजूनही त्या गावाच्याच नावाने विकली जाते. राज्य गेले तरी गाव उरले, कारण ते राजाच्या एकट्याच्या जिवावर उभे नव्हते.

शाळेतले ते वाक्य खोडावे असे मला वाटत नाही. टॉलेमीची साक्ष त्याच्या पाठीशी आहे. त्याच्या पुढे आणखी एक वाक्य मात्र यावे : हे शहर मितदेव गांधिकाचेही होते, आणि त्याने तसे दगडावर लिहून ठेवले आहे.