इंडेक्स अलियास : घाऊक व्यवस्थापन

शोधयंत्रणेतील एका किंवा अनेक इंडेक्सना दिलेले दुसरे नाव म्हणजे अलियास. इलॅस्टिकसर्च या सॉफ्टवेअरमध्ये (कर्ता शाय बॅनन, पहिली आवृत्ती २०१०) माहिती इंडेक्समध्ये साठते. अलियासमध्ये काहीच साठत नाही, तो फक्त इंडेक्सकडे बोट दाखवतो. अ‍ॅप्लिकेशनने इंडेक्सचे खरे नाव कधीच घेऊ नये, विचारायचे ते अलियासला. एवढे पथ्य पाळले की मागचे इंडेक्स कितीही बदलले तरी प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. एका क्लस्टरमध्ये अलियासला एखाद्या इंडेक्सचेच नाव देता येत नाही. अलियासमागे अनेक इंडेक्स असतील तर वाचन सगळ्यांतून होते. लेखनासाठी मात्र त्यांपैकी एक नेमून द्यावा लागतो.

अलियास दोन-चार असतील तर हाताने बदलता येतात. सर्व्हरच्या लॉगसाठी अनेक ठिकाणी रोज एक इंडेक्स तयार होतो, म्हणजे एका सेवेमागे वर्षाला ३६५. ‘गेले सात दिवस’ अशा अर्थाचा अलियास खरा ठेवायचा तर रोज एक इंडेक्स त्यात घालायचा आणि एक काढायचा. हे काम घाऊक करण्यासाठी क्युरेटर हे पायथनमध्ये लिहिलेले साधन वापरतात. जुने लॉग साफ करण्याच्या गरजेतून ते निघाले. २०१६ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून सगळी कामे यॅमल स्वरूपाच्या अ‍ॅक्शन फाइलमध्ये लिहितात. या फाइलचे दस्तऐवजीकरण नेटके आहे, प्रत्येक पर्यायाचा अर्थ व त्याचे मूळ मूल्य त्यात मिळते.

अलियासच्या कृतीत दोन भाग असतात : ‘अ‍ॅड’ आणि ‘रिमूव्ह’. प्रत्येकाखाली स्वतंत्र फिल्टर येतात. एक फिल्टर नावाची सुरुवात तपासतो, दुसरा वय. वय इंडेक्सच्या नावातील तारखेवरून किंवा तो तयार झाला त्या वेळेवरून मोजता येते. म्हणजे इथे इंडेक्सची यादी लिहायची नसते, नियम लिहायचा असतो. घाऊक कामाचे सगळे बळ यात आहे आणि धोकाही यातच. दोन्ही भागांतले बदल एकाच विनंतीतून जातात आणि सर्व्हर ते अखंडपणे लागू करतो, त्यामुळे ‘जुना गेला, नवा आला नाही’ अशी मधली अवस्था शोधणाऱ्याला दिसत नाही. एखाद्या भागाला काहीच सापडले नाही, तर एरवी चूक नोंदवून काम थांबते. तिथे नुसता इशारा देऊन पुढे जाण्याची मुभा पर्यायाने मिळते, पण ती सरसकट देऊ नये : फिल्टरमधली चूक त्याखाली झाकली जाते. ‘ड्राय रन’ लावून चालवल्यास काय बदलले असते ते केवळ लॉगमध्ये उमटते. नव्या फाइलसाठी ही पायरी सक्तीचीच समजावी.

इंदुरात, किंवा भारतात कुठेही, हे काम लावताना घड्याळाकडे नीट पाहावे लागते. लॉग गोळा करून पाठवणारे लॉगस्टॅश हे साधन इंडेक्सच्या नावात यूटीसी तारीख घालते, त्यामुळे नव्या तारखेचा इंडेक्स आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या कार्यालयात क्युरेटरचा क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) स्थानिक वेळेनुसार रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी लावला आहे असे धरू. ८ मेचा इंडेक्स ८ तारखेच्या पहाटे साडेपाचला जन्मतो, पण अलियासमध्ये येतो तो त्या रात्री बारानंतर. मधले साडेअठरा तास, म्हणजे कामाचा सारा दिवस, ताज्या नोंदी शोधात दिसतच नाहीत. चूक कुठेही नोंदली जात नाही आणि लोक दिवसभर सर्व्हर तपासत बसतात. क्रॉन पहाटे पावणेसहाला नेला तरी पंधरा मिनिटांची फट उरते. खरा उपाय म्हणजे इंडेक्स टेम्प्लेटमध्येच (नव्या इंडेक्सच्या साच्यात) अलियास लिहून ठेवणे. मग इंडेक्स अलियाससकट जन्मतो आणि क्युरेटरकडे फक्त जुने काढण्याचे काम राहते.

अलियास म्हणजे समानार्थी शब्दांची सोय नव्हे. मराठी ‘इंदूर’ आणि हिंदी ‘इंदौर’, किंवा ‘महू’ आणि २००३ पासूनचे ‘डॉ. आंबेडकर नगर’, या जोड्या एकाच शोधात सापडाव्यात यासाठी सिनॉनिम फिल्टर लागतो. इलॅस्टिकसर्च ज्यावर उभे आहे त्या ल्युसीनचा हिंदी नॉर्मलायझर दीर्घ ऊकार ऱ्हस्व करतो, त्यामुळे ‘इंदूर’ व ‘इंदुर’ एक होतात, ‘इंदौर’ मात्र वेगळाच राहतो. मराठीसाठी तयार अ‍ॅनालायझर (मजकुराचे शोधण्याजोगे शब्द करणारी रचना) इलॅस्टिकसर्चमध्ये नाही, तो असे तुकडे जोडून घडवावा लागतो आणि वारंवार सुधारावाही लागतो. चालू इंडेक्समधील फील्डचा अ‍ॅनालायझर बदलता येत नाही. दर सुधारणेला नवा इंडेक्स करून त्यात सगळा मजकूर पुन्हा भरणे आले. भरणी होईपर्यंत वाचक जुन्या इंडेक्समधून शोधत राहतात, मग अलियास एका विनंतीत नव्याकडे वळवतात. जुना इंडेक्स लगेच पुसू नये, निकाल बिघडलेले निघाले तर त्याच वाटेने परत येता येते. मराठी शोध सुधारू पाहणाऱ्यांसाठी अलियासचा हा उपयोग लॉगच्या कामापेक्षाही मोलाचा आहे.

२०१९ मध्ये इलॅस्टिकसर्चमध्येच इंडेक्सचे आयुर्मान सांभाळणारी सोय आली आणि लॉगच्या कामातील क्युरेटरचा मोठा वाटा तिने घेतला. २०२१ मध्ये इलॅस्टिकसर्चमधून फुटून निघालेल्या ओपनसर्चकडेही तशी स्वतःची सोय आहे. तारखेच्या नावांचे जुने इंडेक्स किंवा नेहमीच्या चाकोरीत न बसणारे अलियास असतील, तिथे क्युरेटर आजही उपयोगी पडतो. त्याची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळणारी लागते.